पांचांतला पांचवा पदार्थ

सांप्रत पुण्यांतील कित्येक घरांत सुटीच्या संध्याकाळीं पाहुण्यांसाठीं एक नवें पेय करण्याचा प्रघात पडूं लागला आहे. व्होडका नांवाचें मद्य, संत्र्याचा, अननसाचा अथवा स्ट्रॉबेरीचा रस, थोडें लिंबू, साखरेचा पाक आणि बर्फ हीं सर्व झाकणाच्या भांड्यांत घालून खळखळून हालवावयाचीं, गाळावयाचीं आणि उंच दांड्याच्या पसरट पेल्यांत ओतावयाचीं, एवढीच त्याची कृति. यास फळांची मार्टिनी म्हणतात. करणारास वाटतें कीं ही कालपरवाची अमेरिकन टूम आहे. न करणारासहि तसेंच वाटतें, आणि म्हणून तो तिचा अधिकच तिटकारा करतो. इतिहासाची साक्ष काढली असतां दोघांचाहि समज पुरता खरा ठरत नाहीं. मार्टिनी हें नांव परकें आहे हें खरें. पण मद्यांत लिंबू, साखर व पाणी मिसळून पिण्याची चाल सतराव्या शतकांत युरोपांत पसरली ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वखारींतून, आणि त्या पेयाचें जगभर झालेलें नांव आपल्याच पांच या आंकड्यावरून पडलें, असें पुष्कळ जाणते लोक मानतात.

प्रथम नांवांचा उलगडा केलेला बरा. मूळची मार्टिनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत रूढ झाली. तिच्यांत फळांचा रस नव्हता. जिन नांवाचें मद्य आणि वनस्पतींचा अर्क उतरविलेली वर्मूथ नांवाची द्राक्षाची दारू एवढ्या दोनच वस्तु होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यास जिनच्या जागीं व्होडका आली, पुढें वर्मूथहि गेली आणि त्या जागीं फळांचा रस आला. आतां जुन्या मार्टिनीचें या पेयांत उरलें आहे तें नांव आणि पेला. व्होडका हा शब्द स्लाव्ह भाषांतील पाणी या अर्थाच्या ‘वोदा’ शब्दाचें लघुरूप आहे, आणि तो ‘वोदा’ आपल्या संस्कृत ‘उदक’ शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे. नांवाप्रमाणेंच हें मद्य दिसावयास पाण्यासारखें असतें. तें वारंवार उकळून व बहुधा कोळशांतून गाळून त्याची चव व वास शक्य तितका काढून टाकलेला असतो. म्हणूनच कोणत्याहि फळाच्या रसांत तें बेमालूम मिसळतें. या बेमालूमपणाचा विचार पुढें करावयाचा आहे.

मद्याला फळांची जोड देणें आपल्या देशासहि नवें नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें एक प्रकरण आहे. त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे सहा प्रकार सांगितले असून आंब्यापासून होणाऱ्या सहकारसुरेचाहि निर्देश आहे. मद्य कोणीं करावें, कोठें विकावें आणि किती द्यावें यांवर राज्याची देखरेख असावी, हा त्या प्रकरणाचा रोख आहे. तेव्हां मद्याबरोबर मोजमाप आणि सरकार यांचा संबंध इंग्रजांनीं आणला असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां सतराव्या शतकाकडे वळूं. इ. स. १६३२ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसानें हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरून आपल्या सहकाऱ्यास पत्र लिहिलें. त्यांत ‘पंच’ या पेयाचा जो उल्लेख आहे तो इंग्रजी लेखांतील सर्वांत जुन्या उल्लेखांपैकीं होय. पुढें १६३८ मध्यें मांडेल्स्लो नांवाचा जर्मन प्रवासी सुरतेस आला. तेथील इंग्रज वखारवाले मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर मिसळून एक पेय पितात असें त्याच्या प्रवासवृत्तांत आहे. बर्निये या फ्रेंच वैद्यानें बंगाल्यांत तेंच पेय पाहिलें. त्यांत गुळाची दारू, लिंबाचा रस, पाणी आणि वर किसलेलें जायफळ असे. तें चवीला बरें पण प्रकृतीला घातक, असें त्याचें मत पडलें.

परंतु आपल्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा साक्षी म्हणजे डॉक्टर जॉन फ्रायर. हा कंपनीचा वैद्य शिवछत्रपतींच्या काळांत या किनाऱ्यावर होता आणि १६७५ मध्यें तो घाट चढून जुन्नरासहि गेला होता. त्याचा ग्रंथ १६९८ मध्यें प्रसिद्ध झाला. गोव्याकडील नेरूळ येथें उत्तम अरक तयार होतो, त्यापासून इंग्रज लोक हें पेय करतात, आणि त्यांत पांच पदार्थ पडतात म्हणून हिंदुस्थानी भाषेंतील पांच या शब्दावरून त्याला नांव मिळालें, असें त्यानें नमूद केलें आहे. अरक, साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी हे ते पांच पदार्थ समजले जातात. त्याच वाक्यांत फ्रायरनें त्यास अंगांतील जोम हरण करणारें पेय म्हटलें आहे. वैद्य तो वैद्यच!

या व्युत्पत्तीविषयीं शंका घेणारेहि आहेत. त्या काळीं इंग्रज लोक या शब्दांतील स्वर ‘अ’ पेक्षां ‘उ’ कडे झुकवून उच्चारीत, त्यामुळें तो ‘पांच’ पासून निघणें अवघड, असें कांहीं कोशकारांचें म्हणणें आहे. मद्याच्या मोठ्या पिंपाचें इंग्रजी नांवहि याला जवळचें आहे. शिवाय मांडेल्स्लोच्या यादींत पदार्थ चारच आहेत. तथापि त्या काळीं या देशांत राहून तें पेय स्वतः पाहिलेल्या वैद्यानें दिलेला अर्थ सहज टाकून देण्याजोगा नाहीं. १८८६ मध्यें निघालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या प्रसिद्ध कोशानेंहि पांच पदार्थांचाच अर्थ पुढें ठेवला आहे.

हे पांच पदार्थ एकत्र कां आले, याचें कारण साधें आहे. युरोपांतून येणारी द्राक्षाची दारू महिनोगणती समुद्रावर राहून नासे, आणि मिळाली तरी महाग पडे. उलट येथें माडाच्या ताडीपासून गाळलेला अरक स्वस्त होता. पण तो कच्चा, घशाला जाळणारा व उग्र वासाचा. त्याची धग मोडण्यास साखर, वास झांकण्यास लिंबू व जायफळ आणि जोर कमी करण्यास पाणी. याच शतकाच्या मागें-पुढें पोर्तुगीजांनीं ब्राझिलांतून आणलेला काजू गोव्यांत रुजला आणि पुढें त्याच्या बोंडांची फेणीहि प्रसिद्धीस आली. सारांश, अरकाचा दोष झांकण्यासाठीं स्वयंपाकघरांतील चार निरपराध वस्तूंना कामास लावलें गेलें.

मुंबईंत या पेयाचीं दुकानें इतकीं वाढलीं कीं सरकारास नियम करावा लागला. १६९४ च्या एका हुकुमाचा आशय मोठा बोधप्रद आहे. खाणावळींत पंच पिण्यास आलेल्या माणसानें गोव्याचा चांगला अरक एक क्वार्ट, साखर अर्धा पौंड आणि लिंबाचा रस अर्धा पिंट एवढा मागून घ्यावा आणि आपला पंच आपणच तयार करावा. आजच्या मापानें सुमारें एक लिटर अरक, सव्वादोनशें ग्रॅम साखर आणि पाव लिटर रस. माप दुकानदारानें द्यावें, मिसळणें गिऱ्हाइकानें करावें, म्हणजे कोणांत काय किती पडलें याचा वाद नको. एकदां साखरलिंबाखालीं गेलेला अरक किती होता हें जिभेला सांगतां येत नाहीं, हें त्या हुकूम काढणारांना पक्कें ठाऊक असावें. त्याच सुमारास मुंबईस आलेल्या ऑव्हिंग्टन या पाद्र्यानें तेथील युरोपियनांच्या आयुष्याची मर्यादा दोन पावसाळ्यांची, अशी म्हण नोंदली आहे. हिवताप व हगवण हीं त्याचीं मुख्य कारणें खरीं. परंतु अनिर्बंध मद्यपानानें त्यांना हात दिला असला पाहिजे.

हा झाला किनारा. घाटमाथ्यावरच्या पुण्याची तऱ्हा निराळी होती. पुण्याच्या घरांत पांच पदार्थांचें मिश्रण नवें नव्हतें. दूध, दहीं, तूप, मध व साखर यांचें पंचामृत देवापुढें रोज असे. चैत्रांतील हळदीकुंकवास आंब्याची डाळ आणि पन्हें ठरलेलें. त्या पन्ह्यांत काय असतें? कैरी, गूळ, मीठ, वेलदोडा आणि पाणी. मोजून पाहिलें तर हेहि पांचच. आंबट, गोड, सुवासिक आणि थंड, असे चारहि गुण येथें आहेत. वखारवाल्यांच्या पेयांत असलेला अरक मात्र नाहीं. ‘पन्हें’ हा शब्द संस्कृत ‘पानक’ यावरून आला. शेजारचा ‘सरबत’ हा शब्द अरबींतून आला. पिणें या अर्थाच्या ज्या अरबी धातूपासून सरबत झालें त्याच धातूपासून ‘शराब’ झाली, आणि युरोपांत जाऊन पाकाला म्हणतात तें ‘सिरप’ आणि मद्यांत फळांचा रस मुरवून केलेलें ‘श्रब’ हींहि त्यांतूनच निघालीं. एकाच मुळापासून फुटलेल्या या फांद्यांत कोणती गोड निघावी व कोणती कडू, हें त्यांत पडणाऱ्या एका पदार्थावर ठरलें.

तो एक पदार्थ पेशव्यांच्या पुण्यांत निषिद्ध होता. पेशव्यांच्या रोजनिशांवर न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० मध्यें जो निबंध लिहिला त्यांत या बंदीचा परामर्श घेतला आहे. पुण्यांत व आसपासच्या मुलखांत मद्य करण्यास व विकण्यास मनाई होती. पोर्तुगीजांकडून घेतलेल्या कोंकणपट्टींत मात्र भंडारी, कोळी इत्यादि लोकांच्या जुन्या चालीकडे पाहून सवलत द्यावी लागली. म्हणजे बंदी होती ती सर्वत्र सारखी नव्हती. जात, प्रांत आणि चाकरी पाहून ती सैल वा ताठ होत असे. हें वैगुण्य मान्य करूनहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या राज्यानें दारूवर उत्पन्नाची मदार ठेवली नव्हती.

१८१८ नंतर हें चित्र पालटलें. खडकीस व पुण्याच्या पूर्वेस इंग्रजांच्या लष्करी छावण्या पडल्या. गोऱ्या शिपायास रोजच्या शिध्याबरोबर मद्य मिळे. एका गांवाचीं दोन गांवें झालीं, एक शहर आणि दुसरें कॅम्प. कॅम्पांत बाटल्या विलायतेहून येत. शहरांत आबकारी खात्याच्या परवान्यानें देशी दारूचीं दुकानें निघालीं. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें दारू गाळणें व विकणें यांवर सरकारचा ताबा पुरता बसला. उद्देश नियंत्रणाचा सांगितला जाई. पण उत्पन्न वाढूं लागलें कीं नियंत्रण करणारालाच विक्री हवीशी वाटूं लागते. महात्मा जोतीराव फुले त्या वेळीं पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १८८० च्या जुलैंत त्यांनीं पालिकेस पत्र लिहून शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली. गरिबांचे संसार आणि लोकांचें आरोग्य यांची हानि होते हें त्यांच्या म्हणण्याचें सार होतें. पुढें १९०८ मध्यें लोकमान्य टिळकांच्या पाठबळानें पुण्यांत मद्यपाननिषेधाची मोठी चळवळ झाली आणि स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहिले. इतर अनेक प्रश्नांत ज्यांचे मार्ग भिन्न होते अशा पक्षांचें या एका प्रश्नावर मात्र जवळजवळ एकमत होतें, ही पुण्याच्या इतिहासांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

त्याचें फळ स्वराज्याच्या काळांत दिसलें. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी लागू झाली होती. ती टिकली नाहीं. नंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून साऱ्या मुंबई राज्यांत पूर्ण बंदी आली. १९५१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बालसरा खटल्यांत कायद्याचा बराच भाग उचलून धरला, कांहीं कलमें मात्र रद्द ठरविलीं. पण कायद्यानें दुकान बंद झालें तरी भट्टी बंद झाली नाहीं. गूळ, सडकीं फळें आणि नवसागर यांची दारू चोरून गाळली जाऊं लागली. ‘नवसागराची’ म्हटलें कीं ती कोणती हें मुंबई-पुण्यांत सर्वांस कळे. १९६० नंतरच्या दशकांत महाराष्ट्र सरकारनें ही बंदी हळूहळू सैल केली. तरी मूळ कायदा महाराष्ट्राचें नांव धारण करून अद्याप जिवंत आहे. त्यान्वयें पिण्यास परवाना लागतो, आणि व्होडकेसारखें कडक मद्य घेण्यास वयाचीं २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात.

येथें ‘घरीं करणें’ या शब्दांचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. परवान्याच्या दुकानांतून आणलेलें मद्य रसांत मिसळणें ही एक गोष्ट. फळें कुजवून घरीं दारू गाळणें ही अगदीं दुसरी. दुसरी गोष्ट गुन्हा आहे, आणि चोरट्या दारूचा धोका त्याहून मोठा आहे. तींत जोर आणण्यासाठीं मिथिल अल्कोहोल नांवाचें विष मिसळलें जातें. त्याची चव व वास ओळखूं येत नाहीं. डोळे जातात, प्राणहि जातात. २०१५ च्या जूनमध्यें मुंबईंत मालवणी येथें अशा दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. तीं बहुतेक हातावर पोट असणारीं होतीं.

आतां पुन्हां त्या उंच पेल्याकडे वळूं. एका पेल्यास ६० मिलिलिटर व्होडका, तितकाच फळाचा रस, १५ मिलिलिटर लिंबाचा रस, १५ मिलिलिटर पाक आणि मूठभर बर्फ असें साधारण प्रमाण धरतात. मोजा, हे पुन्हां पांच. मसाल्याच्या जागीं फळ आलें आणि पाण्याच्या जागीं बर्फ. जुन्या वखारवाल्यांना बर्फ ठाऊक नव्हता. बोस्टनहून जहाजानें पहिला बर्फ कलकत्त्यास आला तो १८३३ मध्यें. पुणेकरास फळांची मात्र ददात नाहीं. हिंवाळ्यांत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपूरचें संत्रें, पुरंदरचें अंजीर, उन्हाळ्यांत कोंकणचा हापूस आणि पावसाच्या तोंडावर जांभूळ, असा वर्षाचा क्रम घरबसल्या लागतो. रस ताजा असावा, लिंबू ऐनवेळीं पिळावें, आणि पिकलेलें फळ गोड असेल तर पाक निम्मा करावा, एवढें जपलें कीं चव साधते.

परंतु चव साधली म्हणजेच सावध होण्याची वेळ आली. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या व्होडकेंत शेंकडा ४२.८ भाग अल्कोहोल असतो. ६० मिलिलिटरांत तो सुमारें २६ मिलिलिटर झाला. साध्या बिअरच्या ६५० मिलिलिटरांच्या मोठ्या बाटलींत, शेंकडा ५ धरल्यास, तो सुमारें ३२ मिलिलिटर असतो. म्हणजे चार-सहा घोटांत संपणाऱ्या त्या नाजूक पेल्यांत जवळजवळ पाऊण बाटलीहून अधिक बिअरचा ऐवज असतो. बाटलीभर बिअर पिणारास आपण किती प्यालों हें पोटच सांगतें. येथें साखर धग मोडते, लिंबू वास मारतें, बर्फ जीभ बधिर करतो, आणि तिसरा पेला पुढें केला तरी पाहुण्यास सरबतच वाटतें. घरांत माप धरणारा दुकानदार नसतो, आणि यजमानाचा हात आग्रहाच्या वेळीं सैल पडतो. घरीं जाण्यासाठीं दुचाकी बाहेर उभी असते.

यास तोडगा १६९४ च्या हुकुमांतच सांपडतो. फळाचा रस, लिंबू, पाक व बर्फ हे चार पदार्थ एका मोठ्या भांड्यांत मिसळून मधोमध ठेवावे. पांचवा पदार्थ त्यांत ओतूं नये. तो आपल्या बाटलींत, मापाच्या पेल्यासह, बाजूस असावा. ज्यास घ्यावयाचा त्यानें स्वतः मोजून आपल्या पेल्यांत घ्यावा. आणि ज्यास नको, मग तो व्रतामुळें असो, वयामुळें, औषधामुळें किंवा गाडी हांकावयाची म्हणून असो, त्याच्या हातांत तेंच पेय, तोच रंग आणि तीच चव येते. त्यास वेगळें बसण्याची पाळी येत नाहीं. पुण्यांतील घरांनीं पिढ्यान् पिढ्या पाहुण्यांपुढें जें पन्हें ठेवलें त्याची रीतहि हीच होती. तें सर्वांना देतां येई.